खिळे घासणारा मुलगा आणि निर्णयसागर

जुन्या छापखान्यात काही महिने काम शिकायला जाणारी मुलं आता पुन्हा दिसू लागली आहेत. बहुतेक जण कला किंवा डिझाइन शिकणारे असतात. लेटरप्रेसच्या, म्हणजे उठावाची अक्षरं शाई लावून कागदावर दाबणाऱ्या छापखान्यात त्यांच्या वाट्याला येणारं पहिलं काम मात्र छपाईचं नसतं. मिसळलेले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, वेगळे करायचे आणि केसमध्ये, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीत, ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, इथून सुरुवात होते. हा क्रम फार जुना आहे. मराठी मुद्रणाची विद्या प्रामुख्याने अशाच शिकाऊ उमेदवारीतून हातोहात पुढे गेली, आणि त्या इतिहासात हाताखालच्या पोरांना मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

देवनागरी खिळ्यांची वाट बंगालमधून येते. ईस्ट इंडिया कंपनीतल्या चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली पंचानन कर्मकार अक्षरं कोरायला शिकले. पुढे ते बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या ख्रिस्ती मिशनकडे गेले आणि आपले जावई मनोहर यांना त्यांनी ही विद्या दिली. तिथल्या मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथेच छापलं गेलं. मुंबईत 1816 च्या अखेरीस अमेरिकन मिशनचे मुद्रक होरेशो बार्डवेल आले आणि पुढच्याच वर्षी मिशनची पहिली मराठी पुस्तिका निघाली. धर्मप्रसारासाठी काढलेला हा छापखाना नकळत एका पिढीची शाळा झाला.

गणपत कृष्णाजी तिथेच काम शिकले. त्यांनी 1831 मध्ये शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, पंचांग छापलं आणि पुढे स्वतः खिळेही तयार केले. छापलेल्या पोथीच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्याची माणसं ती हातात धरत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपातली शाई केली आणि तो अडसर काढला. यंत्र हाताशी असणं वेगळं आणि आपल्या समाजाला चालेल अशी छपाई करणं वेगळं. हे दुसरं काम त्यांनी केलं.

त्यांच्यानंतरचं नाव जावजी दादाजी चौधरी यांचं. जन्म 1839 चा, घरची गरिबी, शाळा जेमतेम. लहान वयातच ते मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर लागले. काम होतं खिळे घासण्याचं. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतून खिळा निघतो, तेव्हा त्याच्या कडेला धातूची बारीक कुसळं राहतात. ती घासून काढावी लागतात. कमी घासला तर खिळा शेजारच्याला नीट भिडत नाही, जास्त घासला तर ओळ ढिली पडते. देवनागरीत हे अधिकच जिकिरीचं, कारण जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते आणि प्रत्येकाची शिरोरेषा शेजारच्याच्या शिरोरेषेला मिळावी लागते. दिवसभर हेच केलेल्या मुलाच्या बोटांना अक्षराचं माप कळलं नसतं तरच नवल.

मिशनच्या छापखान्यात अक्षरं घडवण्यात थॉमस ग्रॅहम यांचा हातखंडा होता, आणि जावजींना त्यांच्याच हाताखाली शिकायला मिळालं. पुढे आणखी काही छापखान्यांत काम करून जावजींनी 1864 मध्ये स्वतःची टाइप फौंड्री काढली. सोबतीला राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर मित्र होते. पोलादी ठशावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून मातृका करायची आणि तिच्यावरून खिळे ओतायचे, ही सारी साखळी एकाच छताखाली आली. मग 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. त्याच्या पंचांगाचं नाव घरोघरी झालं, आणि 1886 पासून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची मालिका निघू लागली. तिच्यामुळे विखुरलेलं संस्कृत साहित्य अभ्यासकांच्या हाती आलं. निर्णयसागरच्या शुद्ध, देखण्या पानांचं कौतुक करताना आपण पंडितांची नावं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण त्या पानाची ओळ सरळ आहे ती खिळे घासत मोठ्या झालेल्या माणसामुळे.

स्वातंत्र्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अशा शिक्षणाला नियमांची चौकट दिली. तोवर खिळ्यांची यंत्राने जुळणी आली होती, पुढे ऑफसेट आणि संगणक आले, आणि केससमोर उभं राहून हाताने खिळे जुळवणारा जुळारी दिसेनासा झाला. बऱ्याच छापखान्यांतले खिळे वजनावर विकले गेले. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छोटं छपाईयंत्र, तग धरून राहिली ती पावतीपुस्तकांवर क्रमांक टाकायला, लग्नपत्रिकांना घडीची रेघ पाडायला.

म्हणून आज शिकायला जाणाऱ्याने यंत्रापेक्षा आधी केस पाहावी. मराठी खिळे पुरेसे शिल्लक आहेत का, आणि डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी धातूची चौकट, धरून, खिळ्याची खाच बोटाने चाचपत न बघता ओळ जुळवणारं कोणी तिथे आहे का, हे विचारावं. ती माणसं आता वयस्क आहेत.