जुन्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज आणि धूर : ग्राहकांसाठी माहिती

गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की प्लग आणि एअर फिल्टर बदलून बिल हाती देण्याची पद्धत सर्रास आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये आधी मोजमाप होते आणि त्याची सुरुवात ग्राहकांनी घरूनच करावी : नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवून त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी आणि चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळच्या लिटरने भागावे. काट्याच्या अंदाजाने काढलेला आकडा आम्ही धरत नाही.

हल्ली सगळा दोष २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला दिला जातो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्याने ॲव्हरेज काही टक्क्यांनी उतरते, हे खरे. परंतु १६ वरून ११ वर आलेल्या गाडीत बिघाड दुसराच असतो.

टायरमधील हवा आणि धरून राहणारे ब्रेक पाहून झाले की आम्ही थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेकडे, वळतो. तो उघडा अडकला, किंवा ‘गाडी गरम होते’ म्हणून पूर्वी कोणी काढूनच टाकला असेल (आणि असे पुष्कळ गाड्यांत आढळते), तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) थंड इंजिनासाठीचे जादा पेट्रोल सोडत राहतो. महामार्गावर वेग धरताच तापमानाचा काटा खाली सरकत असेल, तर संशय इथेच घ्यावा.

एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर चांगला असल्यास, तापलेल्या इंजिनावर त्याचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ यांदरम्यान सतत वरखाली होतो. तो खालीच रेंगाळत असला तरी सेन्सर लगेच बदलू नये, कारण सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्टचा जोड फुटका असला की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडते आहे असे भासते आणि ईसीएम ते वाढवतो. असे असताना जोडाचे काम स्वस्तात होते, नवा सेन्सर मात्र फुकट जातो.

काळा धूर म्हणजे जादा पेट्रोल, निळा म्हणजे जळणारे इंजिन ऑइल. थंडीत सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. इंजिन तापल्यावरही ती राहिली आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधील सील) तपासावेच लागते. मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) असलेली गाडी मात्र चालवत राहू नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा भाग) पेटून तो आतून वितळू शकतो.

पीयूसीसाठी पेट्रोल कारमधील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस-२ व बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाची सरकारी मानके) गाड्यांना ०.५ टक्के, तर बीएस-४ गाड्यांना ०.३ टक्के आहे. थंड कन्व्हर्टर जवळजवळ काम करत नसल्याने, चाचणीला जाण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवावी.

तपासणीस येताना पेट्रोलचा हिशेब आणि पीयूसीची मागील प्रमाणपत्रे सोबत आणावीत. बदललेला प्रत्येक जुना भाग ग्राहकाला परत दिला जातो.