युद्धातून उरलेला लगदा: सॅनिटरी पॅड, टिश्यू आणि डायपरमागचा इतिहास

सॅनिटरी पॅड कापसाचं असतं, असं आपल्याकडे अजूनही बरेच जण समजतात. बाजारातल्या बहुतेक पॅडांच्या आत असतो तो लाकडाचा लगदा. हा लगदा तिथे कसा पोचला, हे शोधायचं तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या नीना या गावी जावं लागतं. किम्बर्ली-क्लार्क ही कागद बनवणारी कंपनी तिथे 1872 मध्ये सुरू झाली. 1914 मध्ये अर्न्स्ट माहलर हा ऑस्ट्रियात जन्मलेला रसायनतज्ज्ञ कंपनीत आला आणि त्याच वर्षी जेम्स किम्बर्लीबरोबर युरोपातल्या गिरण्या पाहायला गेला. लाकडाच्या लगद्याचे तलम, चुणीदार थर एकावर एक रचून केलेला एक मऊ पदार्थ त्यांनी तिथे पाहिला. कापसाच्या सुमारे पाचपट पाणी तो शोषून घ्यायचा आणि मोठ्या प्रमाणावर केला तर कापसाच्या निम्म्या खर्चात व्हायचा. कंपनीने त्याला नाव दिलं ‘सेल्युकॉटन’.

एप्रिल 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमांवर बांधायला कापूस पुरेना, तेव्हा सेल्युकॉटनच्या पट्ट्या लष्कराला आणि रेडक्रॉसला जाऊ लागल्या. कंपनीने त्यावर नफा घेतला नाही. 11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध थांबलं आणि मागणी एकदम आटली. लष्कराने आपल्याकडचा शिल्लक माल दवाखान्यांना स्वस्तात विकायला काढला, त्यामुळे नेहमीचं गिऱ्हाईकही हातचं गेलं. यंत्रं होती, माल होता, घेणारं कुणी नव्हतं.

या पेचातून वाट निघाली ती युद्धावरच्या नर्सबायांमुळे. छावणीतल्या दवाखान्यात पाळी आली की त्या याच पट्ट्या वापरत होत्या आणि वापरून झाल्या की टाकून देत होत्या. धुणं नाही, वाळवणं नाही. हे कंपनीच्या कानावर गेलं. पुढे ज्यावर कोट्यवधींचा धंदा उभा राहिला, ती कल्पना प्रयोगशाळेत किंवा संचालकांच्या बैठकीत जन्मलेली नाही. हातात दुसरं काही नसलेल्या बायकांनी ती आपली गरज भागवताना शोधली, आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठल्या पेटंटवर नाही.

टाकून देण्याजोगं पॅड त्याआधीही बाजारात आलं होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने 1896 मध्ये ‘लिस्टर्स टॉवेल्स’ विकायला ठेवले होते. ते फारसे चालले नाहीत. दुकानात, बहुतेक वेळा पुरुष विक्रेत्यासमोर, ‘हे द्या’ असं म्हणायचं कुणी? अमेरिकेतल्या बायका तेव्हा कापडाच्या घड्या घेत, त्या भिजवत, धूत आणि पुन्हा वापरत. आपल्या आज्या-पणज्यांचं जे चालत होतं, तेच तिथेही चालू होतं.

किम्बर्ली-क्लार्कने 1920 च्या सुमारास ‘कोटेक्स’ बाजारात आणलं. पहिली विक्री शिकागोतल्या वूलवर्थच्या दुकानात झाली. बारा पॅडांचा डबा साठ सेंटला, म्हणजे एक पॅड पाच सेंटला. सेल्युकॉटनचे चाळीस पातळ थर आणि त्यांच्याभोवती जाळीचं कापड, एवढंच ते पॅड होतं. जाळीची दोन्ही टोकं लांब सोडलेली असत, कारण पॅड कमरेच्या पट्ट्याला पिनांनी अडकवायचं असे. कंपनीलाही संकोच होताच. कागदाच्या धंद्यातलं आपलं नाव याला चिकटू नये म्हणून तिने वेगळी कंपनी काढली. सुरुवातीच्या जाहिरातींत पाळीचा थेट उल्लेख नसे. नर्स आणि जखमी सैनिकाचं चित्र असे. बाई न बोलता डबा उचलेल आणि पैसे टाकून जाईल, अशी पेटी काही दुकानांनी काउंटरवर ठेवली. लिस्टर्स टॉवेल्सना जे जमलं नव्हतं ते या पेटीमुळे जमलं. माझ्या मते या इतिहासात ती पेटी पॅडइतकीच महत्त्वाची आहे.

त्याच कारखान्यातून आणखी एक वस्तू निघाली. चेहऱ्याला रंगरंगोटी करणं 1920च्या दशकात अमेरिकेत सर्वसाधारण बायकांमध्येही रूढ झालं. मेकअप उतरवायला कोल्ड क्रीम लावत आणि ते पुसायला न्हाणीघरात एक टॉवेल टांगलेला असे. तो सदा तेलकट आणि मळका. कंपनीने सेल्युकॉटनचा आणखी पातळ, मऊ कागद काढला आणि 1924 मध्ये ‘क्लीनेक्स’ या नावाने विकला. जाहिरातींत नाटक-सिनेमातल्या नट्या क्रीम पुसताना दिसत. लोकांची पत्रं मात्र निराळंच सांगू लागली. आम्ही याला नाक पुसतो, असं ते लिहीत. कंपनीने 1930 मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात दोन्ही वापरांची जाहिरात करून अंदाज घेतला. निम्म्याहून जास्त लोक रुमालाऐवजी क्लीनेक्स वापरत होते. सौंदर्यप्रसाधनाची जोडवस्तू म्हणून आलेला कागद त्यानंतर सर्दीचा कागद म्हणून विकला गेला. इथेही उपयोग शोधला तो वापरणाऱ्यांनीच.

पिओरिया हे नाव लक्षात असू द्या, ते पुढे पुन्हा येणार आहे.

वापरणाऱ्यांना पद्धतशीर विचारायची वेळ आली 1920च्या दशकाच्या मध्यावर. लिलियन गिलब्रेथ ही कामाच्या हालचालींचा आणि वेळेचा अभ्यास करणारी अभियंता. बारा मुलांची आई. नवरा 1924 मध्ये वारला, तेव्हापासून संसार आणि धंदा एकटीच्या खांद्यावर होता. जॉन्सन अँड जॉन्सनने तिला पॅडांचा अभ्यास करायला सांगितला. हजाराहून जास्त बायकांची उत्तरं मिळवून तिने 1927 च्या सुरुवातीला अहवाल दिला. त्यातलं बरंचसं आजही वाचवत नाही इतकं ओळखीचं आहे. पॅड फार मोठं. कडा ताठ, त्या मांड्यांना घासतात. कपड्यांतून कोपरे दिसतात. विकत आणलेलं पॅड उसवून, कापून, आपल्या मापाने पुन्हा रचणाऱ्या बायका कितीतरी होत्या. विल्हेवाटीची अडचणही या अभ्यासात पुढे आली. त्या काळी डब्यातल्या सूचनेत आतला थर फाडून संडासात सोडायला सांगितलेलं असे, आणि तो सगळीकडे नीट वाहून जात नसे. म्हणजे टाकलेलं पॅड जातं कुठे, हा प्रश्न पॅडाच्या जन्मापासूनच आहे. त्याला उत्तर म्हणून मिळाली ती डब्यातली एक चिठ्ठी.

आत घ्यायचं साधनही याच सुमाराचं. डेन्व्हरच्या अर्ल हास या डॉक्टरने 1931 मध्ये टॅम्पॉनच्या पेटंटसाठी अर्ज केला. कापसाची गुंडाळी आणि ती हात न लागता आत सरकवायला पुठ्ठ्याच्या एकात एक जाणाऱ्या दोन नळ्या, अशी त्याची रचना होती. गर्ट्रूड टेंडरिख या उद्योजिकेने त्याच्याकडून हक्क विकत घेतले आणि 1936 मध्ये ‘टॅम्पॅक्स’ बाजारात उतरलं. पुढच्याच वर्षी लिओना चाल्मर्स या नटीला पाळीचं रक्त आतच साठवणाऱ्या रबराच्या कपाचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात रबर मिळेना आणि कप मागे पडला. एकदा घेतलेला कप वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे गिऱ्हाईक दर महिन्याला परत येत नाही, हेही त्याच्या विरुद्ध गेलं असणार असं मला वाटतं. केरळात अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत 2019 मध्ये पाच हजार कप फुकट वाटले गेले, तेव्हा ही कल्पना ऐंशी वर्षांची झालेली होती.

टॅम्पॉनच्या बाबतीत ‘जास्त शोषणारं ते चांगलं’ हा हिशेब एकदा जिवावर बेतला. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या ‘रिलाय’ या टॅम्पॉनमध्ये फोमचे तुकडे आणि पाणी ओढून फुगणारं सेल्युलोज होतं. टॉक्सिक शॉक सिंड्रोम या, जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला. काही बायका दगावल्या. सप्टेंबर 1980 मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं.

पॅडाला चिकटपट्टी येण्याआधी पन्नास वर्षं पट्टा आणि पिना यांवरच भागवलं गेलं. मेरी बिट्रिस डेव्हिडसन केनर या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईने पट्टा कमी-जास्त करता येईल आणि पॅड जागचं हलणार नाही अशी रचना केली. पेटंट 1956 मध्ये मिळालं. एका कंपनीने रस दाखवला, बोलणी करायला माणूस पाठवला आणि ती कृष्णवर्णीय आहे हे कळताच माघार घेतली. पुढेही तिने पेटंटं घेतली, पैसा मात्र मिळाला नाही. हे वाचून राग येतो आणि यावा. 1970 च्या आसपास मागे चिकटपट्टी असलेली पॅडं आली आणि पट्टा इतिहासजमा झाला.

डायपरच्या बाबतीतही असंच घडलं. कनेक्टिकटमधल्या मॅरियन डोनोव्हनने 1946 मध्ये न्हाणीघराचा पडदा कापून, शिवणयंत्रावर शिवून, दुपट्याच्या लंगोटावर घालायची गळू न देणारी चड्डी केली. पिनांऐवजी टिचबटणं लावली. ‘बोटर’ या नावाने ती 1949 पासून न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात विकली जाऊ लागली, 1951 मध्ये पेटंट मिळालं आणि दहा लाख डॉलरला हक्क विकले गेले. मग तिने कागदाचा, फेकून द्यायचा डायपर करायचं मनावर घेतलं. कागद कंपन्यांतल्या पुरुषांना त्याची गरजच दिसेना. दहा वर्षांनी प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये व्हिक्टर मिल्स या अभियंत्याच्या पुढाकाराने तेच झालं. कंपनीने 1957 मध्ये एक कागदगिरणी घेतलेली होती आणि तिच्या लगद्याला काम हवं होतं. डिसेंबर 1961 मध्ये ‘पॅम्पर्स’ची बाजारचाचणी झाली ती पिओरियात. आयांना डायपर आवडला. नगाला दहा सेंट ही किंमत आवडली नाही. किंमत सहा सेंटांपर्यंत उतरवल्यावरच तो खपला.

पिओरियातच अमेरिकेच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. शेतात जास्त पिकलेल्या मक्याचं करायचं काय, हा तिथल्या शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता. मक्याच्या स्टार्चवर कृत्रिम बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळ्या जोडून त्यांनी एक भुकटी केली. स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी ती ओढून घेई आणि त्याची घट्ट लापशी होऊन बसे. 1970च्या दशकात तिचं पेटंट झालं. पुढे याच कल्पनेवर, पण स्टार्चशिवाय, सोडियम पॉलिअॅक्रिलेट वापरात आलं. जपानी कंपन्यांनी ते 1970च्या दशकाच्या अखेरीस पॅडांत घातलं आणि मग ते डायपरमध्येही गेलं. आजचं ‘अल्ट्रा थिन’ पॅड इतकं पातळ होऊ शकतं ते या भुकटीमुळे. त्याची थोडी किंमत अशी की वरची जाळी, खालचा थर, गोंद आणि ही भुकटी, यांतलं काहीच मातीत लवकर मिसळत नाही. 1920 च्या पॅडात लगदा आणि सुती जाळी होती, ते कुजून तरी जात होतं.

भारतात हा लगद्याचा उलगडा एका माणसाने स्वतःच्या खटपटीने केला. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम 1998 मध्ये बायकोसाठी पॅड करायला बसले आणि सुरुवात कापसापासून केली. गळणारी पॅडं करत राहिले. बायको, आई, गाव, सगळे दुरावले. आत कापूस नसून झाडाच्या लगद्याचं सेल्युलोज आहे, हे कळायला त्यांना दोन वर्षांहून जास्त काळ लागला. मग तो लगदा पिंजून, दाबून, गुंडाळून निर्जंतुक करणारं छोटं यंत्र त्यांनी बनवलं. मोठ्या कंपन्यांची यंत्रं कोटींच्या घरात, यांचं हजारांत. देशभरच्या बचत गटांनी ते घेतलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे घराघरांत काय चालत होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. जुन्या लुगड्याच्या घड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात परकराखाली वाळत घातलेल्या. ऊन लागत नसे, त्यामुळे जंतू मरत नसत. हे बदलायला सरकारने हात घातला तो फार उशिरा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर 12 टक्के कर होता. ओरड झाल्यावर जुलै 2018 मध्ये तो शून्यावर आला. त्याच वर्षी महिला दिनाला महाराष्ट्राने ‘अस्मिता’ योजना सुरू केली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडांचं पाकीट. जनऔषधी केंद्रात 2019 पासून रुपयाला एक पॅड मिळू लागलं. यातलं प्रत्येक पाऊल मला मोलाचं वाटतं. पाळीमुळे शाळा बुडवणाऱ्या मुलीला लगद्याचा आणि भुकटीचा हा इतिहास पॅडाच्या किमतीतूनच भेटतो.

पण नीनामधल्या त्या डब्यातल्या चिठ्ठीने टाळलेला प्रश्न पुण्यात कचरावेचक बायकांच्या हातात येऊन पडला. ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. दारोदार जाऊन कचरा गोळा करायचा आणि हाताने निवडायचा, हे त्यांचं रोजचं काम. सुक्या कचऱ्यात कागद-प्लास्टिक शोधताना उघडं, रक्ताने भरलेलं पॅड किंवा घाण झालेला डायपर हाताला लागतो. त्याच हातांनी दुपारी भाकरी खायची असते. मग या बायकांनी वापरलेल्या पॅडांच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांच्या कचेऱ्यांना पाठवल्या: तुमचा माल, तुम्ही सांभाळा. रद्दी वर्तमानपत्राच्या पिशव्या करून त्या पॅड टाकायला म्हणून विकल्या. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडताच कळेल, अशी मोहीमही चालवली.

2016 च्या घनकचरा नियमांनी यातलं थोडं उचललं. पॅड आणि डायपर नीट गुंडाळून टाकायचे, आणि गुंडाळायला पाऊच उत्पादकाने वस्तूबरोबरच द्यायचा. त्या नियमांनुसार गुंडाळी ठेवायची होती मात्र सुक्या कचऱ्याच्या डब्यात, आणि तोच डबा या बायका हाताने निवडत. पुण्यातल्याच ‘पॅडकेअर’ या कंपनीने वापरलेलं पॅड निर्जंतुक करून त्यातलं सेल्युलोज आणि प्लास्टिक वेगळं काढणारी यंत्रणा उभी केली आहे. ती चालायला पॅड वेगळं गोळा व्हावं लागतं, म्हणजे आधी घराघरात त्यासाठी वेगळा डबा हवा. तो नाही तिथे लाल ठिपक्यावर आणि वर्तमानपत्राच्या पिशवीवरच काम भागतं आहे.