हॉस्पिटलला फ्लॅट द्यायचाय: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

मूलबाळ नसलेली किंवा मुलं परदेशी स्थिरावलेली बरीच मंडळी म्हणतात, ‘आमच्यामागे हा फ्लॅट गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला जाऊ दे.’ विचार उत्तम. पण ‘म्हणजे नक्की काय करून ठेवलंय?’ असं विचारलं की गोंधळ सुरू होतो. कुणी बक्षीसपत्र म्हणून जो दस्त दाखवतं, त्यातला मजकूर मृत्युपत्राचा असतो. दोन्ही कागदांनी मालमत्ता फुकटच द्यायची असते. फरक इतकाच की एका कागदाने मालकी आज जाते, दुसऱ्याने डोळे मिटल्यावर. वाद झालाच तर कोर्ट शीर्षकावर थांबत नाही, मालकी कधी जाते तेच पाहतं.

बक्षीसपत्रात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष असतात. घेणाराच्या जागी ट्रस्टतर्फे अधिकृत विश्वस्ताची सही येते, सोबत ठरावाची प्रत लागते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने दान स्वीकारावं लागतं. घर-जमीन असेल तर दोन साक्षीदार हवेत आणि नोंदणी सक्तीची. एकदा दस्त नोंदला की ‘आता माझा विचार बदलला’ म्हणून तो मागे घेता येत नाही.

मृत्युपत्रात लिहून घेणारा कुणी नसतोच. हॉस्पिटलला कळवायचंही बंधन नाही. इथेही दोन साक्षीदार लागतात, पण नोंदणी ऐच्छिक असते आणि मुद्रांक शुल्क शून्य. हयातीत ते कितीही वेळा बदला, फाडा, नवं करा, शेवटचं खरं. मधल्या काळात आजारपणासाठी फ्लॅट विकावा लागला तर कुणाची परवानगी लागत नाही. हॉस्पिटलला मिळेल ते तुमच्या पश्चात उरलेलं.

खरा घोळ होतो तो मधल्या वाटेवर. ‘द्यायचं आजच, पण मरेपर्यंत राहायचं इथेच’ ही अनेकांची इच्छा असते आणि ती कायद्यात बसते. हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क स्वतःकडे ठेवून केलेलं नोंदणीकृत बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली वैध ठरवलं आहे. मात्र शब्द जपून हवेत. ‘मालकी आजच देत आहे, हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवत आहे’ हे बक्षीसपत्र झालं. ‘माझ्या मृत्यूनंतर मालकी संस्थेकडे जाईल’ असं लिहिलंत, तर बक्षीसपत्राचं मुद्रांक शुल्क भरूनही हाती मृत्युपत्राच्या वकुबाचाच कागद येण्याची शक्यता मोठी. हॉस्पिटल नव्या विभागाचं नियोजन करून बसतं आणि भाचेमंडळी नोटीस धाडतात ती अशाच वाक्यांवरून.

शुल्काचं गणित बरेच जण चुकतात. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. पण ही सवलत जवळच्या नात्याची आहे, ट्रस्टसाठी नाही. आयकराचंही तसंच. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची वजावट हयातीत दिलेल्या पैशावर, जुनी करप्रणाली घेतली तरच मिळते; फ्लॅट दिल्यावर नाही आणि मृत्युपत्रातून दिल्यावर तर नाहीच.

मुंबईतली दोन जुनी उदाहरणं या दोन वाटांची आहेत. जमशेटजी जिजीभाईंनी हयातीत पैसा दिला आणि १८४५ साली जे. जे. रुग्णालय उघडलेलं पाहिलं. परळच्या केईएमशी जोडलेल्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाला नाव लाभलं ते शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांचं. ते दान त्यांच्या पश्चात, इस्टेटीच्या विश्वस्तांनी दिलं आणि शिकवणारे भारतीयच असावेत अशी अट घातली. देणारा गेल्यावरही दानाला कणा राहू शकतो, पण त्यासाठी मागे खमके विश्वस्त लागतात.

राहतं घर एकच असेल, तर माझं मत सरळ मृत्युपत्राच्या बाजूने आहे. म्हातारपणाचा खर्च किती निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. कुलूप लावून पडलेला दुसरा फ्लॅट असेल, तर मात्र तो आजच द्यावा; हॉस्पिटलला गरज आज आहे.

काही ठिकाणी निवड आपल्या हातात नसतेच. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला न वाटलेला हिस्सा बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्राने मात्र देता येतो. मुस्लिमांना वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने एक तृतीयांशच देता येतं. हयातीतल्या हिब्याला, म्हणजे मुस्लिम कायद्यातल्या बक्षिसाला, ही मर्यादा नाही, पण ताबा तिथल्या तिथे द्यावा लागतो. ख्रिश्चनांना जवळचे नातलग असतील तर मृत्यूआधी किमान वर्षभर केलेल्या मृत्युपत्रानेच धर्मादाय दान करता येई. ही विचित्र अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवली. गोव्यात मुलं किंवा आईवडील असतील तर निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव असतो. शेतजमिनीचा मामला कुळकायद्यामुळे आणखी बिकट आहे. बिगरशेतकरी संस्थेच्या नावे ती करताना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा, आणि ‘मृत्युपत्राने पळवाट निघेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

मृत्युपत्रच करायचं ठरलं, तर एक सोय बक्षीसपत्रात मिळत नाही ती वापरून घ्यावी. ट्रस्टला स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मिरजेच्या हॉस्पिटलला ठाण्याचा वन बीएचके देऊन ते त्याचं करणार काय? त्यापेक्षा मृत्युपत्रात विश्वासातला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमा. त्याने फ्लॅट विकून पैसे हॉस्पिटलच्या कायम निधीत भरावेत, असं स्पष्ट लिहा. ट्रस्टचं नाव बोर्डावरचं नको, नोंदणी दाखल्यावरचं हवं, क्रमांकासकट. आणि तोवर ती संस्था बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तर पैसे कुणाला जावेत, हेही त्याच परिच्छेदात लिहून टाका.