भोकर

शेताच्या बांधावर, गडग्यालगत, विहिरीच्या काठी आपोआप उगवणारे मध्यम उंचीचे झाड. शास्त्रीय नाव कॉर्डिया डायकोटोमा; संस्कृतात श्लेष्मातक, हिंदीत लसोडा, गुजरातीत गुंदा. पाने रुंद, गोलसर आणि एकाआड एक, फुले बारीक पांढरी. फळे झुबक्यांनी लागतात आणि प्रत्येकाच्या देठाशी छोटीशी वाटी चिकटलेली असते. ओळख पक्की करायची तर एक कच्चे फळ फोडून बोटांत धरावे व बोटे हळूच दूर करावीत. पारदर्शक तार निघाली नाही, तर ते भोकर नव्हे. बारीक नारिंगी फळांची व अरुंद पानांची गोंदणी याच गणातली, पण झाड वेगळे.

लोणच्यासाठी फळे उन्हाळ्यात, हिरवीगार व टणक असतानाच देठासकट काढावीत. पिवळट झाक आलेली फळे लोणच्याला घेऊ नयेत. नुकतीच फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची फळे घेऊ नयेत.

खरी कसोटी बी काढण्यात आहे. फळे धुऊन पूर्ण कोरडी करावीत, बत्त्याने हलकेच ठेचावीत आणि मिठात बुडवलेल्या काडीने बी बाहेर ढकलावी. मीठ लागल्यावर चिकटा सुटतो. नुसते पाणी लावले तर तारा वाढतात. हाताला आधीच तेल लावलेले बरे. दुसरी रीत उकळण्याची: मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे, रंग मळकट हिरवा होईपर्यंत. हे काम सोपे, पण जास्त उकळले की फळ गळते, आणि नंतर कापडावर नीट सुकवले नाही तर लोणच्याला बुरशी धरते. करकरीतपणा हवा असेल तर पहिलीच रीत चांगली.

एक किलो भोकरांना साधारण 300 ग्रॅम आंबट कैरीचा कीस, 150 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 75 ग्रॅम तिखट, हळद, हिंग आणि तळून कुटलेली मेथी. मसाला कैरीत कालवून फळांत भरावा, बरणीत दाबावा व कडकडीत तापवून गार केलेले तेल फळे बुडतील इतके ओतावे. कैरीत काटकसर करू नये: भोकराला स्वतःचा आंबटपणा नसतो, तेल फक्त हवा अडवते, टिकवण्याचे काम आंबट आणि मीठच करतात. फळात बी किंवा चिकटा राहिला तर आठवड्याभरात खार बुळबुळीत होतो. पंधरा दिवसांनी भोकरे मुरतात. तोवर बरणी रोज कोरड्या डावाने खालीवर करावी.

पिकलेले भोकर गुलाबीसर, गोडसर, पण खाताना तोंडात बुळबुळते; मुले तेच खातात आणि त्याच गराने पतंगाचा कागदही चिकटवतात.