युजीन डेब्स : राष्ट्राध्यक्षपदाच्या पाच उमेदवाऱ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील समाजवादी नेते युजीन डेब्स १९०० ते १९२० या काळात राष्ट्राध्यक्षपदासाठी पाच वेळा उभे राहिले आणि पाचही वेळा पराभूत झाले. या हट्टाचे मूळ निवडणुकीच्या राजकारणात नाही, रेल्वे कामगारांच्या लढ्यात आहे.

इंडियाना राज्यात १८५५ साली जन्मलेले डेब्स चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत कामाला लागले आणि पुढे इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन झाले. १८९४ साली रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्याच वसाहतीतल्या घरांचे भाडे कमी केले नाही, तेव्हा झालेल्या संपात डेब्स यांची रेल्वे कामगार संघटना उतरली. केंद्र सरकारने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवून आणि सैन्य पाठवून तो संप मोडून काढला. डेब्स यांना सहा महिन्यांची कैद झाली. सरकारच मालकांच्या बाजूने उभे राहत असेल, तर नुसत्या संपाने भागणार नाही, या जाणिवेतून ते समाजवादाकडे वळले.

१९०० साली त्यांना सुमारे ८७ हजार मते मिळाली होती. १९१२ साली ती नऊ लाखांवर, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांवर गेली. तरी निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी) एकही मिळाला नाही, कारण राज्यात ज्याला सर्वाधिक मते, त्यालाच बहुतेक ठिकाणी सगळे निर्वाचक मिळतात. त्याच निवडणुकीत विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना २३ टक्के मते मिळूनही ५३१ पैकी अवघे ८ निर्वाचक लाभले, यावरून ही पद्धत तिसऱ्या क्रमांकावरच्या पक्षाला किती जाचक ठरते हे कळते.

डेब्स यांची शेवटची उमेदवारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जून १९१८ मध्ये ओहायोतील कँटन येथे त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले आणि त्याबद्दल हेरगिरीविरोधी कायद्याखाली त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानेही ती एकमताने कायम केली. १९२० साली समाजवादी पक्षाचे शिष्टमंडळ अटलांटाच्या तुरुंगात जाऊन कैद्याच्या वेशातल्या डेब्स यांना उमेदवारी कळवून आले. प्रचाराच्या बिल्ल्यांवर ‘कैदी क्रमांक ९६५३’ असे छापले गेले आणि पुन्हा नऊ लाखांहून अधिक मतदारांनी त्यांना मत दिले. स्त्रियांना नुकताच देशभर मताधिकार मिळून मतदारसंख्या वाढलेली असल्याने मतांचा वाटा मात्र ३.४ टक्क्यांवर उतरला.

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी माफी नाकारलेल्या डेब्स यांची सुटका पुढचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ च्या नाताळात केली. १९२६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९२८ ते १९४८ या काळात पक्षाच्या वतीने नॉर्मन थॉमस सलग सहा वेळा उभे राहिले.