दोऱ्याच्या अंगातला पीळ

चौथीच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून मुलं सतरंजीवर बसली होती, आणि निम्म्याहून जास्त जणांच्या दोऱ्यांचा गुंता झाला होता. शिकवणारी माझी मैत्रीण वस्त्रकलाकार आहे. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून, त्यांवर टाके घालून ती भिंतीवर टांगायची मोठमोठी कापडं करते आणि आठवड्यातून एकदा कार्यानुभवाच्या तासाला या मुलांना शिवण शिकवते. मी नुसती बघायला गेले होते. पण एक मुलगा रडकुंडीला येऊन सांगत होता, "ताई, मी काहीच केलं नाही, दोरा आपोआप गुंततो!" त्यावर तिने जे केलं ते बघून मी वही काढली.

तिने त्याचं कापड उंच धरलं आणि सुई सोडून दिली. दोऱ्याला लोंबकळलेली सुई क्षणभर थांबली, मग गरगर फिरायला लागली. थांबली, थोडी उलटी फिरली, पुन्हा थांबली. "एवढा पीळ तू तिला दिलास," मैत्रीण म्हणाली, "आता ती तुला परत करतेय."

खरंच तसं असतं. टाका घालताना आपण सुई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नकळत किंचित फिरवतो. एका टाक्याला जेमतेम पाव वळसा, तोही बहुतेक एकाच दिशेने. वीस टाक्यांनंतर दोऱ्यात चार-पाच वळसे साठलेले असतात. दोरा ताणलेला असेपर्यंत ते दिसत नाहीत. जरा सैल पडला की दोरा स्वतःभोवतीच वेटोळं घालतो, पुढचा टाका त्या वेटोळ्यातून जातो आणि गाठ बसते. म्हणजे मुलाची तक्रार अर्धी खरी होती.

पायजम्याची नाडी घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं पिळत राहा आणि मग दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणा. नाडी मध्येच उडी मारून स्वतःला मिठी मारते. आतला पीळ बाहेरच्या वेटोळ्यात उतरतो, इतकाच हा हिशेब. टोकं सुटी नसतील तर पीळ आणि वेटोळी यांची बेरीज कायम राहते. एक कमी झालं की दुसरं वाढतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणितज्ञांनी ही बेरीज नेमक्या सूत्रात बसवली आणि ती लगेच कामाला आली ती डीएनएच्या अभ्यासात. पेशीतला डीएनए असाच अंगातला पीळ वेटोळ्यांत उतरवत इवल्याशा जागेत मावतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. डीएनएबद्दलही म्हणायला हरकत नसावी.

गुंत्यावरचा मैत्रिणीचा दुसरा उपाय म्हणजे दोरा हातभरच घ्यायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलांना हे अजिबात पटत नाही. सारखी सुई कोण ओवणार? एकदा लांबलचक दोरा घेतला की झालं! २००७ साली सॅन डिएगोच्या दोन शास्त्रज्ञांनी, डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी, एका चौकोनी खोक्यात दोरी टाकून खोकं गोल फिरवलं आणि गाठ बसते का ते पाहिलं. तब्बल ३,४१५ वेळा. दोरी ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ पडलीच नाही. त्यापुढे लांबी वाढली तशी शक्यता झपाट्याने वाढत गेली आणि दीड मीटरच्या पुढे निम्म्याच्या आसपास जाऊन थबकली. या प्रयोगाला २००८ मध्ये गमतीचं इग नोबेल मिळालं, पण काम गमतीचं नाही. आता आपला 'हात' मोजा. अठरा इंच, म्हणजे ४५.७ सेंटिमीटर! खोक्यात गडगडणारी दोरी आणि शिवणाचा दोरा यांचं वागणं सारखं नसतं, तेव्हा हा योगायोगच. तरी मला तो भलताच आवडला.

ओवणं हाही एक सोहळा असतो. सुईच्या भोकाला नेढं म्हणतात आणि रतनगडावर डोंगराला आरपार पडलेल्या भोकालाही नेढंच म्हणतात, हे ऐकून सहलीला जाऊन आलेली दोन मुलं भलतीच खूश झाली. हाडाची, नेढं असलेली सुई माणसाने सायबेरियाच्या थंडीत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी वापरली होती. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायची युक्ती किती जुनी असेल कोण जाणे. पाण्याचा पृष्ठताण पिंजारलेले तंतू एकत्र ओढून त्यांचं टोकदार टोक करतो, ओल्या केसांच्या बटा होतात तसं.

हे तंतू किती छोटे असतात हे मैत्रिणीने सांगितलं नाही, करून दाखवलं. सुती दोऱ्याचा तुकडा घेऊन तिने तो उलट्या दिशेने फिरवत पूर्ण उकलला आणि हलकेच ओढला. दोरा तुटला नाही, नुसता विरघळल्यासारखा सरकून दोन झाला. टोकाला मऊ पिसारा. कापसाचा एक तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांपासून बनलेला दोरा मैलभर लांब कसा होतो आणि ओढला तरी सुटत कसा नाही, हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या पुस्तकात दोरखंडाबद्दल विचारला होता. उत्तर पिळात आहे. पिळलेला दोरा ओढला की तंतू एकमेकांवर आवळले जातात, आवळले की घर्षण वाढतं, म्हणजे ओढणाराच त्यांची पकड घट्ट करतो. या घर्षणाचा नीट हिशेब मात्र वॉरेन, बॉल आणि गोल्डस्टीन या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडला. एकेका जागचं घर्षण क्षुल्लक असतं, पण तंतूंची संख्या आणि पीळ एका मर्यादेपलीकडे गेले की सगळी मिळून अशी जखडतात की तंतू सरकण्याऐवजी तुटणंच पत्करतात. गॅलिलिओपासून ३८० वर्षं! अंगातला सदरा गळून का पडत नाही, हा प्रश्न आपण इतकी वर्षं शिंप्यावर सोडून दिला होता.

टाकाही घर्षणावरच टिकतो. कोकणात बंदरावर लाँच लागताना पाहिलं असेल, खलाशी दोर खांबाला दोन-तीन वेढे देतो आणि एका हाताने धरून निवांत उभा राहतो. घर्षणांक, म्हणजे दोर आणि खांब एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचं माप, ०.३ धरला तर एका वेढ्याने त्याच्या हाताचा जोर साडेसहा पट होतो. तीन वेढ्यांनी तीन पट नाही, जवळजवळ २८५ पट. कारण प्रत्येक वेढा आधीच्या जोराला गुणत जातो. धावदोऱ्यात वेढे नसतात, पण दोरा कापडातून वर-खाली जाताना प्रत्येक भोकापाशी वळतो. एका काटकोनी वळणाला १.६ पट धरली तर दहा वळणांत शंभराच्या वर. म्हणून शिवणीच्या शेवटी गाठ मारायला विसरलेल्या मुलीचे शेवटचे दोन टाके निसटले, आधीचे जागचे हलले नाहीत.

मला सगळ्यात मजा आली ती उरेबाची, म्हणजे कापड तिरकं ओढण्याची. मुलांनी रुमालाएवढा चौकोनी तुकडा उभा ओढला, आडवा ओढला, काही होईना. मग दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढला आणि कापड रबरासारखं लांबलं, मधून बारीक झालं. एकही धागा ताणला गेला नव्हता. दुकानाचं सरकतं जाळीचं दार उघडता-मिटताना पट्ट्या तेवढ्याच राहतात, फक्त त्यांच्यातले कोन बदलतात, तसंच हे. कोन बदलू शकतात म्हणूनच सपाट कापड गोल अंगावर बसतं. रशियन गणितज्ञ चेबिशेव्ह यांनी १८७८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान परिषदेत कापड बेतण्याच्या गणितावर निबंध वाचला होता आणि चेंडूवर कापड नीट बसवायला तुकडे कोणत्या आकाराचे कापावेत हे काढून दाखवलं होतं. त्या परिषदेला आलेल्या शिंप्यांची, कुणी आले असतील तर, तोंडं बघायला हवी होती. वर्गातली मुलं त्या वेळी बाहुलीच्या डोक्यावर कापड चढवत होती आणि प्रत्येकाच्या बाहुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

शेवटी बाहुलीचे हात. कापडाची पुंगळी धडाच्या गोल भोकाला जोडायची. गोल कडेवर शिवताना कापड एका बाजूला ओढलं जातं आणि शेवटी बोटभर जास्तीचं उरतं. मैत्रिणीने सांगितलं, आधी सारख्या अंतरावर तीन सुटे टाके घाला आणि तिन्ही दोरे तीन दिशांना ताणून धरा. गोलाचा त्रिकोण झाला! आता शिवायच्या फक्त तीन सरळ कडा.

ही युक्ती शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. १८९४ मध्ये ल्यों शहरात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्ष कार्नोंवर सुऱ्याने वार झाला, मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता येत नाही म्हणून त्यांचा जीव गेला. त्याच शहरात वैद्यकी शिकणाऱ्या अलेक्सी कारेलला ते फार लागलं. तो मादाम लरुदिए नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकायला गेला. बारीक सुई, बारीक रेशीम आणि हेच तीन टाके वापरून त्याने रक्तवाहिन्या जोडायची पद्धत बसवली, आणि १९१२ मध्ये त्याला वैद्यकाचं नोबेल मिळालं. (पुढे वंशसुधाराच्या नावाखाली त्याने जे लिहिलं त्याचं कौतुक करता येणार नाही.) आपण कापडाला आणि जखमेला एकच शब्द वापरतो, टाके. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले शस्त्रक्रिया-शिक्षणाचे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे खंत व्यक्त केली होती, की उत्तम गुण मिळवून येणाऱ्या मुलांना हाताने शिवणं-कापणं जमत नाही, कारण शाळेत हातांना ते कधी करायलाच मिळालं नाही.

बोटं हलवणारे स्नायू बोटांत जवळजवळ नसतातच, तळहातात आणि कोपरापर्यंतच्या हातात असतात. सुई धरून बोटं हलवताना कोपराच्या जरा खाली दुसरा हात ठेवलात तर ते हलताना जाणवतील. मुलं ते करून बघण्यात दंग असताना तास संपला. गुंत्यावरून रडणारा तो मुलगा मात्र जागचा उठला नव्हता. त्याने बाहुलीचा हात तीन टाक्यांवर व्यवस्थित जोडला होता, फक्त तळवा मागच्या बाजूला आला होता. त्याने मैत्रिणीकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि तो एकेक टाका उसवायला बसला.