स्पर्धा कायद्याची अंमलबजावणी

व्यापाऱ्यांचे संगनमत आणि बड्या कंपन्यांची दांडगाई रोखण्याचे काम भारतात स्पर्धा आयोग करतो. कायदा 2002 चा असला, तरी याविषयीची कलमे 20 मे 2009 पासून लागू झाली.

सोलापूरचेच उदाहरण घ्या. सूत महागले की एमआयडीसीतल्या कारखानदारांचे टॉवेलचे दर साधारण एकाच वेळी चढतील. खर्च सगळ्यांचा सारखाच वाढलेला असल्याने एवढ्यावरून कारवाई होत नाही. मात्र ‘अमुक दराखाली कुणी विकायचे नाही’ असे संघटनेच्या बैठकीत तोंडी जरी ठरले, तरी कलम 3 लागू होऊ शकते. कांद्याच्या लिलावात बोली चढवायची नाही, असे खरेदीदारांनी आपसांत ठरवले तर तेही याच कलमात बसते. गंमत म्हणजे, दर ठरवण्याचा करार निव्वळ निर्यातीपुरता असेल तर कायदा त्याला हात लावत नाही. त्याला राखायची आहे ती देशातली बाजारपेठ.

माहिती कुणीही देऊ शकतो, आयोग स्वतःहूनही दखल घेतो. प्रथमदर्शनी तथ्य दिसले की प्रकरण महासंचालकांकडे तपासाला जाते. खरी अडचण पुराव्याची, कारण असले ठराव कागदावर कुणी ठेवत नाही. अन्न महामंडळाला धान्य टिकवण्याच्या गोळ्या पुरवण्यासाठी 2009 मध्ये निघालेल्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला एकच दर भरला होता, 388 रुपये. आयोगाने तो योगायोग मानला नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. फितुरीला मात्र कायद्याने उघड बक्षीस ठेवले आहे: गटातला जो पहिल्यांदा कबुली देऊन पुरावे देईल, त्याचा दंड पूर्णही माफ होऊ शकतो. माझ्या मते आयोगाचे सर्वांत धारदार हत्यार हेच.

दंड मागील तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत जातो. संगनमतात नफ्याच्या तिप्पट रक्कम जास्त भरत असेल, तर तिथपर्यंत. अपील राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात होते. गोळ्यांच्याच खटल्यात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने दंड फक्त संबंधित मालाच्या उलाढालीवर मोजायला सांगितले. 2023 च्या दुरुस्तीने उलाढालीची व्याख्याच रुंदावली, तीही जगभरातल्या विक्रीसह. आता टॉवेलमधल्या संगनमताचा दंड मोजताना त्याच कंपनीची सुताची विक्रीही हिशेबात येऊ शकते.